घरावर जागा नाही, तरी सोलर: बेळगाव भागात सामूहिक प्रकल्प कोणत्या क्रमाने उभारावा

शहापूर, वडगाव, खासबागच्या जुन्या गल्ल्यांत घराला घर चिकटलेले, वर मंगलोरी कौले. खानापूरकडे पावसासाठी उतरती छपरे. निपाणीत भाड्याच्या खोल्या, टिळकवाडीत फ्लॅट. अशा घरांवर स्वतंत्र पॅनेल बसत नाहीत. मग दहा-बारा घरांनी मिळून कुणाच्या तरी मोठ्या स्लॅबवर एकच प्रकल्प टाकायचा. तिथली वीज हेस्कॉमच्या, म्हणजे आपल्या भागाच्या सरकारी वीज कंपनीच्या, लाईनला जाते, मीटरवर मोजली जाते आणि ठरलेल्या टक्केवारीने युनिटे ज्याच्या त्याच्या बिलातून वजा होतात. या पद्धतीला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात.

गट अडकतात ते बहुधा क्रम चुकल्यामुळे. आधी सोलरवाला येतो, चकचकीत कोटेशन देतो, गल्लीत बैठक होते, ॲडव्हान्स जातो. महिनाभराने कळते की निम्म्यांची मीटरे वारलेल्या आजोबांच्या नावावर आहेत आणि ज्या छतावर प्रकल्प टाकायचा त्याचा करार ११ महिन्यांचा आहे. खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने घ्या. मधली एकही वगळू नका.

## सुरुवातीलाच तीन गैरसमज काढून टाका

लाईट गेल्यावर सोलर चालेल. चालणार नाही. लाईनला जोडलेला इन्व्हर्टर पुरवठा बंद होताच स्वतःहून थांबतो. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनचा जीव जाईल. शिवाय प्रकल्प दुसऱ्या छतावर, तुमचे घर तिसऱ्या गल्लीत. लोडशेडिंगवर उपाय हवा असेल तर बॅटरीचा इन्व्हर्टर घ्या, तो विषय वेगळा.

कोल्हापूरच्या पाहुण्यांनी केले तसेच करू. मराठीतले सोलरचे बहुतेक व्हिडिओ महावितरणच्या ग्राहकांसाठी असतात. आपली वीज हेस्कॉमची आणि नियम कर्नाटक वीज नियामक आयोगाचे, म्हणजे केईआरसीचे. केंद्राचे अनुदान दोन्हीकडे सारखे, पण मीटरिंगचे नियम, अर्ज आणि शुल्क वेगळे. याहून महागात पडणारी चूक जागेची. बेळगावातल्या अनेकांची शेती चंदगड तालुक्यात आहे. शिनोळी तर वेंगुर्ला रस्त्यावर अगदी हद्दीलाच. ‘तिथे मोकळी जागा आहे, तिथेच टाकू’ असे सहज सुचते. पण तिथली लाईन महावितरणची आहे. तिथे तयार झालेले युनिट बेळगावच्या बिलात वजा होणार नाही. प्रकल्प आणि सगळे सभासद हेस्कॉमच्याच क्षेत्रात हवेत.

बिल शून्य होईल. युनिटे कितीही वजा झाली तरी मंजूर भारावरचा (जोडणीला मंजूर झालेल्या किलोवॉटवरचा) स्थिर आकार भरावाच लागतो.

## पायरी १: बारा महिन्यांची बिले आणि नावे

प्रत्येक इच्छुक घराची मागची बारा बिले गोळा करा. एक-दोन बिलांवर अंदाज बांधू नका, कारण एप्रिल-मेचा पंखा-कूलर आणि जुलैचा गिझर यांत बराच फरक पडतो. एका वहीत पाच रकाने आखा: आर.आर. नंबर (बिलावरचा जोडणीचा क्रमांक), बिलावरचे नाव, मंजूर भार, वर्षाची एकूण युनिटे आणि राज्याच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेचा लाभ आहे की नाही.

शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि सगळा हिशेब तिथेच फसतो. गृहज्योतीत तुमच्या २०२२-२३ च्या सरासरी वापरावर १० टक्के जादा धरून, २०० युनिटांच्या मर्यादेत वीज मोफत मिळते. एखाद्या महिन्यात २०० च्या वर गेलात तर त्या महिन्याचे बिल पूर्ण भरायचे. त्यामुळे ज्याचे बिल आजच शून्य येते, त्याला सामूहिक सोलरमध्ये पैसे घालून आज काही वाचत नाही. गट मोठा दिसावा म्हणून अशा घरांना भरीला घालू नका. वर्षभराने ‘माझे काय वाचले?’ असा सवाल आला की उत्तर देता येत नाही. सामूहिक सोलरचा खरा फायदा दर महिन्याला २०० च्या वर जाणाऱ्यांना: एकत्र कुटुंब, घरात शिलाई मशीन किंवा पिठाची छोटी गिरणी, दोन फ्रीज, वरच्या मजल्याला पाणी चढवणारी मोटर. दुकानाचे किंवा विणकामाच्या मागाचे मीटर घरगुती वर्गात येत नाही. ते याच यादीत मिसळू नका.

सोलरची युनिटे वजा होऊन आपण २०० च्या आत येऊ आणि मग गृहज्योतीही मिळेल, असा दुहेरी हिशेब काही जण मांडतात. तो गृहीत धरू नका. दुसऱ्या पायरीतल्या पत्रात स्पष्ट विचारा.

आता नावे. जुन्या घरांत मीटर आजोबांच्या नावावर, घरपट्टी काकांच्या नावावर आणि राहतो तिसराच. अर्ज मीटर ज्याच्या नावावर आहे त्याचा लागतो आणि अनुदानही ग्राहकाच्याच बँक खात्यात जमा होते. म्हणून नाव बदलून घेणे हे पहिले काम: मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, मालमत्तेचा उतारा, हेस्कॉमचा अर्ज. भाऊबंदकी असेल तर याला महिने लागतात, म्हणून ते आजच सुरू करा.

तपासा: बिल, आधार आणि बँक पासबुक यांवर नाव अक्षरशः एकच आहे का? आपल्याकडे हा घोळ नेहमीचा. उतारा कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत, पासबुकावर आडनाव आधी. एका कागदावर वडिलांचे नाव मधे आहे, दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर. अर्ज करण्याआधी दुरुस्त करा. नंतर प्रत्येक टेबलावर प्रतिज्ञापत्र मागतात.

भाडेकरूंसाठी एवढेच: मीटर मालकाच्या नावावर असेल तर मालकाशिवाय काहीही होत नाही, आणि घर सोडल्यावर वजावट त्या मीटरबरोबरच राहते. दोन-तीन वर्षांत घर बदलण्याची शक्यता असेल तर यात पडू नका.

## पायरी २: हेस्कॉमकडून लेखी उत्तर

पैसे गोळा करायच्या आधी उपविभागाच्या सहायक कार्यकारी अभियंत्यांना पत्र द्या. इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये द्या, म्हणजे भाषांतराच्या नावाखाली ते पडून राहत नाही. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. शाखा कार्यालयात तोंडी ‘होईल की’ ऐकून परत येणारे गट मी बरेच पाहिले. तो ‘होईल की’ पुढे कुणालाच आठवत नाही.

पत्रात विचारायचे ते हे:

- घरगुती ग्राहकांच्या गटाचा व्हर्च्युअल नेट मीटरिंगचा अर्ज सध्या केईआरसीच्या कोणत्या आदेशानुसार घेतला जातो? आदेशाचा क्रमांक, तारीख आणि प्रत.
- प्रकल्प आणि सभासद एकाच उपविभागात हवेत की हेस्कॉमच्या क्षेत्रात कुठेही चालतील?
- क्षमतेची किमान-कमाल मर्यादा किती आणि सभासदाच्या मंजूर भाराशी तिचा संबंध काय?
- प्रकल्पाची जोडणी कोणाच्या नावावर घ्यायची?
- वजावट करताना कोणते शुल्क लागते?
- उरलेली युनिटे किती काळ पुढे ओढली जातात आणि शेवटी कोणत्या दराने त्यांचे पैसे मिळतात?
- वाटणीची टक्केवारी किती वेळा बदलता येते?
- गृहज्योतीच्या लाभावर काय परिणाम होतो?

उत्तर येत नसेल तर हेच प्रश्न माहिती अधिकारात टाका. हेस्कॉम ही सरकारी कंपनी आहे आणि कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

सावधान: हे उत्तर हातात येईपर्यंत एक रुपयाही गोळा करू नका. ‘नियम नंतर बघू, दर वाढायच्या आत बुकिंग करा’ म्हणणाऱ्या सोलरवाल्याला चहा पाजून वाटेला लावा.

## पायरी ३: गट आणि वाटणी

गटाला कायदेशीर अंग हवे. फ्लॅट असतील तर मालकांची नोंदणीकृत संघटना चालते. गल्लीतली घरे असतील तर सहकारी संस्था किंवा नोंदणीकृत मंडळ. देवस्थान पंच कमिटीच्या किंवा भिशीच्या भरवशावर २५ वर्षांचा व्यवहार करू नका. कमिट्या बदलतात, आणि नोंदणी नसेल तर तिच्या नावावर ना जोडणी मिळते, ना खाते उघडते. बँक खाते दोन सह्यांचे ठेवा. गावातली सौहार्द सहकारी संस्था चालेल, पण सह्या करणारे दोघे एकाच घरातले नकोत.

वाटणीला मात्र निवांत दोन बैठका द्या. भांडणे इथूनच उगवतात. एक किलोवॉटचा प्रकल्प आपल्या भागात वर्षाच्या सरासरीने महिन्याला साधारण १०० ते १२० युनिटे देतो. हिशेबाला ११० धरा. वर्षाला ३,१२० युनिटे वापरणाऱ्या घराची महिन्याची सरासरी २६०. त्याने २ किलोवॉटचा हिस्सा घ्यावा, म्हणजे २२० युनिटे. मुद्दाम थोडा कमी, कारण उरलेल्या युनिटांना मिळणारा दर तुम्ही बिलात भरता त्या दरापेक्षा कमी असतो. ‘होऊ दे खर्च, जास्तच घेऊ’ हे इथे तोट्याचे आहे.

समजा सहा घरे मिळून १२ किलोवॉट झाले: चार घरे २ किलोवॉटची, एक ३ ची, एक १ ची. टक्केवारी येते १६.६७, १६.६७, १६.६७, १६.६७, २५ आणि ८.३३. बेरीज १००.०१. हसू नका, अशा अर्जावर हरकत निघते. कुणाचा तरी आकडा १६.६६ करून बेरीज बरोबर १०० आणा आणि तो कोणाचा केला हे इतिवृत्तात लिहा.

पावसाळ्याची समज सगळ्यांना आधीच द्या. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन उन्हाळ्याच्या निम्म्यावर येऊ शकते. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात याहूनही कमी, चिकोडी-निपाणीकडे थोडे बरे. पहिल्याच पावसाळ्यात ‘आपल्याला फसवले’ म्हणून गट फुटतात.

करारात ही कलमे हवीतच: घर विकले तर हिस्सा कोणाकडे आणि कोणत्या किमतीला जाईल, सभासद वारला तर वारस कोण, देखभालीची वर्गणी थकली तर काय, इन्व्हर्टर बदलायची रक्कम कशी साठवायची. पॅनेलच्या उत्पादनाची हमी साधारण २५ वर्षांची असते. इन्व्हर्टर तेवढे टिकत नाही, दहा-बारा वर्षांत एकदा बदलावे लागेल असे धरून चाला.

## पायरी ४: छत निवडणे

एका किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. १२ किलोवॉटला १,२०० चौरस फूट, शिवाय धुवायला जायची वाट. मंगल कार्यालय, गोदाम, शाळेची किंवा संस्थेची इमारत, सभासदाचाच मोठा बंगला, यांतून निवडा. सिमेंटच्या पत्र्याचे शेड टाळा. मागाच्या शेडवर जागा भरपूर दिसते, पण जुना पत्रा ना पॅनेलचे वजन पेलतो, ना वर चढणाऱ्या माणसाचे. एका मोठ्या पॅनेलचे वजन २५-३० किलो असते. त्याहून चिंता वाऱ्याची, कारण जून-जुलैत बेळगावचा पठारी वारा तिरप्या पॅनेलला पतंगासारखा उचलू पाहतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्या.

सावली डिसेंबरात बघा. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे सर्वांत खाली असतो. मे महिन्यात दुपारी बारा वाजता छतावर उभे राहून ‘सावलीच नाही’ म्हणणे निरर्थक. डिसेंबरात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला फोटो काढा. तोवर थांबता येत नसेल तर सोलरवाल्याकडून वर्षभराच्या सावलीचा नकाशा मागा. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, नारळ हे तर बघालच. दक्षिणेच्या शेजाऱ्याने वर सळया सोडून ठेवल्यात का, तेही बघा. सळया म्हणजे उद्याचा मजला. आणि तो मजला चढला की तुमची ओळच्या ओळ सावलीत.

तपासा: जवळचा टीसी (ट्रान्सफॉर्मर) किती क्षमतेचा आहे आणि त्यावर आधीच किती सोलर जोडलेले आहे? हे शाखा कार्यालयात कळते. टीसीत जागा नसेल तर छत कितीही उत्तम असले तरी अर्ज अडतो.

## पायरी ५: छताचा करार

एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार उपनिबंधक कार्यालयात नोंदवावाच लागतो. आपल्याकडे सवय ११ महिन्यांच्या नोटरीची. खोली भाड्याने देताना ती चालते, इथे नाही: बाराव्या महिन्यात मालकाने ‘पॅनेल काढा’ म्हटले तर तुमच्या हातात काही राहत नाही. मुदत २५ वर्षांची घ्या, निदान पैसे वसूल होण्याच्या काळाच्या दुपटीची तरी.

करारात छतावर कधीही जाण्याचा हक्क, मालमत्ता विकली तरी करार चालू राहील हे कलम, आणि गळतीची जबाबदारी स्पष्ट लिहा. स्लॅबला ड्रिल मारण्यापेक्षा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, वाऱ्याचा हिशेब करून, सांगाडा उभारणे बरे. पहिल्या पावसात मालकाच्या हॉलमध्ये थेंब पडला की सगळी मैत्री संपते. उभारणीआधी स्लॅबचे आणि खालच्या छताचे तारीखवार फोटो दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी ठेवा. फ्लॅटच्या टेरेसवर बिल्डरने हक्क राखून ठेवले आहेत का, ते मूळ खरेदीखतात वाचा. मालमत्तेचे कागद कन्नडमध्ये असतात. नीट येत नसेल तर वकिलाकडून वाचून घ्या, अंदाजाने सही नको.

## पायरी ६: अर्ज आणि अनुदान

केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात, कमाल ७८,०००. गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे जिना, लिफ्ट, पंप यांसाठी, किलोवॉटला १८,००० रुपये असा वेगळा दर आहे. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत व्हर्च्युअल नेट मीटरिंगची उभारणीही अनुदानाला पात्र धरली आहे. मात्र ही योजना छतांसाठी आहे. शेतात जमिनीवर प्रकल्प टाकणार असाल तर हे पैसे हिशेबात धरू नका.

अर्ज या योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर, आपल्या वीज कंपनीत हेस्कॉम निवडून करायचा. त्यानंतर हेस्कॉमची तांत्रिक तपासणी. ती मंजूर झाल्यावरच पुढे जा.

अनुदान प्रकल्प सुरू झाल्यावर येते. म्हणजे सुरुवातीला पूर्ण रक्कम उभी करावी लागते. किलोवॉटला ६०,००० चे कोटेशन धरले तर २ किलोवॉटच्या सभासदाला आधी १,२०,००० घालावे लागतील, त्यातले ६०,००० नंतर परत. ‘तुम्ही फक्त अर्धे द्या, अनुदान आम्ही घेऊ’ म्हणणाऱ्याकडून ते लिहून घ्या. कोरा धनादेश देऊ नका आणि ओटीपी तर कुणालाच सांगू नका.

## पायरी ७: सोलरवाला निवडणे आणि हप्ते

पोर्टलवर नोंदलेल्यांपैकी किमान तिघांची कोटेशने, एकाच मापाची घ्या. किंमत बघण्याआधी हे बघा: पॅनेल डीसीआर आहेत का? म्हणजे सेलसकट भारतात बनलेली. अनुदानाला तीच लागतात, आणि स्वस्त कोटेशनचे गुपित बहुधा इथेच असते. माल आला की प्रत्येक पॅनेलवरचा अनुक्रमांक यादीशी ताडून बघा, फोटो घ्या, मगच पुढचा हप्ता.

हप्ते असे पाडा: तांत्रिक मंजुरीनंतर २० टक्के, माल छतावर येऊन तपासल्यावर ५०, मीटर लागून प्रकल्प सुरू झाल्यावर २०, आणि शेवटचे १० टक्के सगळ्या सभासदांच्या बिलात पहिली वजावट दिसल्यावर. सोलरवाले शेवटच्या हप्त्याला नाक मुरडतात. मुरडू द्या.

पाच वर्षांची देखभाल करारातच घ्या. अर्थिंग आणि वीजरोधकाचा वेगळा उल्लेख हवा. एप्रिल-मेच्या वळवाच्या विजा आपल्याकडे नेम धरून पडतात. विमाही त्याच वेळी काढा.

## पायरी ८: मीटर लागल्यावर

मीटर बसवताना गटातला एक जण हजर राहू द्या. मीटरचा अनुक्रमांक, सुरुवातीचे वाचन आणि सीलचा फोटो घ्या. हेस्कॉमला दिलेली टक्केवारीची यादी कशी नोंदली गेली, त्याची प्रत मागा. आर.आर. नंबरातला एक आकडा चुकला तरी तुमची युनिटे भलत्याच घरात जातात.

पॅनेल धुणे सोपे, पण वेळ पाळा. सकाळी लवकर, साध्या पाण्याने, मऊ फडक्याने. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नका. बोअरचे जड पाणी वाळले की पांढरे डाग राहतात. फेब्रुवारी ते मे लाल धूळ आणि ऊसपट्ट्यात पाचट जाळल्याची काजळी, त्यामुळे या काळात पंधरवड्याला एकदा. पावसाळ्यात जवळजवळ गरज नाही.

## पायरी ९: पहिली तीन बिले

प्रकल्पाच्या मीटरचे वाचन आणि घरच्या मीटरचे वाचन एकाच तारखेला होईल असे नाही. पहिली वजावट एक बिल उशिरा दिसली तर घाबरू नका. दुसऱ्या बिलापासून हिशेब मांडा: प्रकल्पाची एकूण युनिटे गुणिले तुमची टक्केवारी, आणि तो आकडा बिलातल्या वजावटीशी जुळवा. सगळ्या सभासदांच्या वजावटीची बेरीज प्रकल्पाच्या आकड्याएवढी आली पाहिजे. नसेल तर कुणाच्या तरी खात्यात चूक आहे.

तक्रार आधी १९१२ वर नोंदवून तिचा क्रमांक घ्या, मग उपविभागात लेखी द्या. तिथे दाद लागली नाही तर जिल्ह्याचा ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल. प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या पायरीतली ती शिक्क्याची प्रत, टक्केवारीची नोंदलेली यादी आणि मीटरचे फोटो मागतील, म्हणून ही तिन्ही कागदपत्रे एकाच फायलीत ठेवा आणि फाईल गटाच्या सचिवाबरोबर आणखी एका घरातही ठेवा.